एका मोसंबीला वेगळं पाणी

माझ्या कपाटाची तुम्ही दोघं नातवंडं थट्टा करता हे मला माहीत आहे. करा. पण ते कपाट मी लावलं तेव्हा त्या लावण्याला अर्थ होता. दिवाळी झाली की शाली आणि स्वेटर खालच्या कप्प्यात यायचे आणि होळी झाली की कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासकट परत वर जायचे. माठ कधी काढायचा, रजयांना ऊन कधी दाखवायचं, गहू कधी भरायचा, सगळं ठरलेलं. तुमचे बाबा कॉलेजात असताना मित्रांना सांगायचे, "आमच्याकडे कॅलेंडर लागत नाही. आईचं कपाट उघडलं की महिना कळतो."

आता कळत नाही. स्वेटर खाली येतात आणि घडी न मोडता परत वर जातात. पूर्वी थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठायची. ती गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायचं काम तुमच्या बाबांकडे होतं, आणि ती तिथंच विसरायचं कामही त्यांच्याकडेच होतं. हल्ली अर्धा हिवाळा तेल पातळच असतं. मग मधेच चार दिवस अशी थंडी पडते की बोटं वळत नाहीत, आणि पुढच्या आठवड्यात पंखा. मार्चात ऊन चांगलं तापलं म्हणून एकदा गच्चीवर कुरडया घातल्या, तर दुपारी गारा आल्या. मी छत्री घेऊन धावेपर्यंत सगळं संपलं होतं. पलीकडच्या गच्चीवरून शेजारीण ओरडली, "मॅडम, तुमच्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला की हो!"

मी म्हटलं, "आणि तुमचे पापड?"

"माझे? माझे पोहून राह्यलेत."

दोघी भिजत हसत उभ्या राहिलो. जालन्यातल्या आमच्या मस्तगडच्या गच्च्या एकमेकींना इतक्या लागून आहेत की दुःखसुद्धा एकटीला करता येत नाही.

हे सगळं मी हसून सांगते. पण मोठे, मागच्या डिसेंबरात तू मला जे विचारलंस ते हसण्यावारी न्यायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. तुला उत्तर द्यायला मी वर्ष लावलं. त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे एक मोसंबीची बाग.

तुम्ही एरवी तुमच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत येता, म्हणजे आमच्या चिखलात. मागच्या वेळी पहिल्यांदाच थंडीत आलात. त्याआधीच्या उन्हाळ्यात तुमच्याकडे कॅनडात जंगलं पेटली होती. आगी दूर होत्या, पण धूर तुमच्या गावापर्यंत आला. फोनवर तू मला खिडकीतून आकाश दाखवलं होतंस, भर दुपारी नारिंगी. तुमचं पोहण्याचं शिबिर रद्द झालं. धाकट्याला मजा वाटली, कारण त्याला पोहायला आवडत नाही. तू मात्र तेव्हापासून गप्प झालीस असं तुझी आई म्हणाली.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण गच्चीवर ऊन खात बसलो होतो. मी मेथी निवडत होते. तू म्हणालीस, "आजी, जग संपत आलंय का?"

दूध संपत आलंय का, असं विचारावं तशा आवाजात. म्हणून मी अधिक दचकले. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. पोरांनी विचारलेल्या अवघड प्रश्नावर वेळ काढायची कला मला येते. मी तुला गोष्ट सांगितली.

मी तुझ्याहून लहान होते तेव्हाची. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार अशी आवई उठली होती. आमच्या घरात धर्मांतरानंतर पंचांग राहिलं नव्हतं. माझे वडील शाळामास्तर. ते म्हणाले, "ग्रहांना ग्रहांची कामं आहेत. तू पाढे म्हण." पण गल्लीत होमाचा धूर होता, आणि मोठी माणसं उगाच गोड बोलत होती, त्याची मला जास्त भीती वाटली. शेवटच्या दिवशी समोरच्या घरातली बाई आमच्याकडे आली. एरवी आईशी तिचं नळावरून भांडण. तिनं कैरीच्या लोणच्याची अख्खी बरणी आईपुढे ठेवली.

"आता कोण खातंय माय. तुम्ही तरी खा."

आई म्हणाली, "जग बुडालं तर आम्ही कुठं बसून खाऊ?"

"ते मला नका विचारू. ठेवून घ्या."

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला, नळ आला, जग होतं तिथंच होतं. सकाळी बाई दारात उभी. "राह्यलं बाई जग. बरणी देता का?" आईनं बरणी दिली. देण्याआधी आमच्या प्रत्येकाच्या भाकरीवर एकेक फोड काढून घेतली, ती गोष्ट वेगळी.

धाकटा खूप हसला. तू पण हसलीस. मग म्हणालीस, "पण आजी, तेव्हा ज्योतिषी सांगत होते. आता शास्त्रज्ञ सांगतात."

बरोबर होतं तुझं. माझी गोष्ट तिथंच संपली. मी परत मेथी निवडायला लागले.

त्यानंतर आपण वडीगोद्रीला शेतावर गेलो. माझे दीर, म्हणजे तुमच्या आजोबांचे पाठचे भाऊ, तुमचे धाकटे आजोबा, तिथं बाग करतात. बाग लावली दोघा भावांनी मिळून. तुमचे आजोबा नोकरीत असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी जायचे आणि खड्डे मोजून एका रेषेत घ्यायला लावायचे. धाकटे आजोबा अजून म्हणतात, "दादाची वळ बघा, आन् माझी बघा. माझी बैल मुतल्यासारखी." आजोबा गेल्यानंतरही ती झाडांची सरळ वळ, ती ओळ, तशीच आहे, म्हणजे होती. ते पुढे येईल.

तुम्हाला हिरवीगार बाग बघायची होती. गाडीतून उतरलात आणि थांबलात. सगळी बाग पिवळी. पानं माना टाकलेली, झाडांखाली गळाठा, आळ्यांतली माती भेगाळलेली. आणि बाजूला विहिरीत पाणी दिसत होतं. तू विचारलंस, "पाणी आहे, मग झाडांना का देत नाहीत?"

मी उत्तर देणार तेवढ्यात जाऊबाईंनी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणल्या आणि धाकटे आजोबा बाजेवर सरकून बसत म्हणाले, "वैनी, हा शेवटचा बहार बरं का. फुलली तर ठेवीन, न्हाई तर उन्हाळ्यात जेसीबी लावून टाकतो."

मी म्हटलं, "असं एकदम?"

"एकदम कुठं? तीन सालं झाली बघून राह्यलो. ताण बसायला लागला की आभाळ येतंय. झाडाला कळंना, पावसाळा हाये का हिवाळा."

जाऊबाई म्हणाल्या, "झाडाला कळंना म्हणे. यांना तरी कुठं कळतंय? काल भर उन्हात स्वेटर घालून बसल्ते."

"थंडी वाजल्ती!"

"थंडी न्हाई, महिना बघून घातलं."

माझं कपाट मला आठवलं.

ताण म्हणजे काय, ते मी तुला तिथं नीट सांगायला हवं होतं. मोसंबीला आपलं आपलं सोडलं तर ती वर्षभर थोडी पानं, थोडी फुलं असं काहीबाही करत राहते. एकदम, भरपूर फूल यायला हवं असेल तर थंडीत तिचं पाणी तोडतात. ती सुकते, पिवळी पडते, काही पानं गाळते. आपला काळ जवळ आला असं तिला वाटतं म्हणा. मग संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडायचं, आधी थोडं, मग भरपूर. महिनाभरात झाड पांढरं होतं. आमच्याकडचे सगळे बागाईतदार असंच करतात, त्यांचे वाडवडीलही असंच करत आले. यात एकच भीती. झाड ताणावर असताना वरून पाऊस पडला तर ताण तुटतो, झाड फुलाऐवजी नुसती पानं काढतं, आणि वर्ष जातं.

हे मी सांगितलं नाही. शेंगा खाल्ल्या, जाऊबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि दोन रात्री आपण तिथं राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीकडून धाकट्या आजोबांचा आवाज आला. "हे कोणाचं काम?"

विहिरीजवळच्या, आजोबांच्या वळीतल्या टोकाच्या झाडाचं आळं ओलंचिंब होतं. बाजूला बादली उपडी पडलेली, आणि घराच्या टाकीपासून झाडापर्यंत सांडत आलेल्या पाण्याची वाट. धाकटा ताबडतोब म्हणाला, "मी फक्त बादली धरली. आयडिया ताईची."

तू पुढे आलीस. "ते मरत होतं."

धाकटे आजोबा कमरेवर हात ठेवून झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं बाई, ते उपवासाला बसल्तं. तू उपवासाच्या माणसाच्या तोंडात भाकर कोंबली."

"झाडं उपवास करत नाहीत."

"आमचे करतेत. मरत न्हाई ते. मरायलोय असं त्याला वाटलं पाहिजे. तसं वाटल्याबिगर फूल देत न्हाई."

"म्हणजे तुम्ही त्याला फसवता? हे चीटिंग आहे, धाकटे आजोबा."

"हौ, चीटिंगच. तुझ्या पणजोबापासून चालू हाये."

जाऊबाई हसून हसून ओट्यावर बसल्या. धाकटे आजोबा तुला रागावले नाहीत, पण त्यांनी बादली उचलून घरात नेऊन ठेवली. मी तुला तिथून न्यायला आले तेव्हा तू एका हातानं त्या झाडाचं पिवळं पान धरून उभी होतीस. ओढत नव्हतीस, नुसतं धरलं होतंस.

परतताना गाडीत अंबड मागे पडलं आणि तू म्हणालीस, "आजी, मग जगही तसंच करतंय का? मरतंय असं वाटतंय, आणि नंतर फुलणार?"

किती सुंदर बोललीस. आणि तिथंच मी जपायला हवं होतं. धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता, ऊन डोळ्यांवर येत होतं, आणि मी म्हणाले, "आधी बागेला फूल येऊ दे. मग बोलू."

मला वेळ हवा होता, एवढंच. पण तुम्ही परत गेल्यावर तुझ्या आईचा फोन आला. "आई, तुम्ही हिला काय सांगितलंत? ती धाकट्याला म्हणत होती, बागेला फुलं आली की जग संपणार नाही, आजीनं सांगितलंय."

एका मुलीनं सगळं जग उचलून धाकट्या आजोबांच्या बागेवर ठेवलं होतं, आणि ती बाग स्वतःच या वर्षी राहते की जाते अशी होती.

मग दर रविवारी तुझा प्रश्न एकच. "फुलं?" मी सांगायची, अजून वेळ आहे. तू विचारायचीस, "माझं झाड?" मी धाकट्या आजोबांना फोन लावायची. ते म्हणायचे, "तिचं झाड खाऊन-पिऊन मजेत हाये. हिरवंगार. बाकीची त्याच्याकडं बघून जळून राह्यलीत."

संक्रांतीच्या आधी दुपारी त्यांचा फोन आला. नेहमी ते हवापाण्याचं शेवटी बोलतात. या वेळी पहिलंच वाक्य, "वैनी, आभाळ आलंय."

मी गच्चीवर गेले. जालन्यातही आलं होतं. पूर्वेकडून, राखाडी, खाली उतरलेलं. "मोबाइल काय म्हणतोय?" मी विचारलं.

"मोबाइल म्हणतोय पडंल. गुडघा म्हणतोय पडंल. फक्त तुमची जाऊ म्हणतीय पडणार न्हाई."

"मग तिचं खरं होऊ दे."

"आजवर झालं न्हाई, पण आज होऊ दे बाई."

आपल्या घरात नवस वगैरे काही नसतं. पण मी त्या दिवशी गच्चीवर उभी राहून, वर्गात गोंधळ घालणाऱ्या पोरांना दटावावं तसं आभाळाला म्हणाले, "नॉट नाऊ." शेजारीण कपडे काढायला आली होती. ती म्हणाली, "मॅडम, त्याला इंग्लिश येत न्हाई."

खरंच येत नव्हतं. रात्री पत्र्यांवर पाऊस वाजायला लागला आणि पहाटेपर्यंत वाजत राहिला. मला पाऊस किती आवडायचा हे तुमच्या बाबांना विचारा. त्या रात्री मी पडून त्याचा राग राग केला.

फेब्रुवारीच्या शेवटी मी स्वतः गेले. धाकटे आजोबा पुढे चालत राहिले. बाग उतारावर आहे. वरच्या अंगाला मुरूम, खाली विहिरीकडे काळी माती. वरच्या अंगाला पोचलो आणि वास आला. मोसंबीच्या फुलाचा वास शब्दांत धरता येत नाही. गोड असतो पण चिकट नसतो. फांदी फांदी पांढरी होती. मुरमातून पाणी निचरून गेलं होतं, झाडांनी पावसाची दखलच घेतली नव्हती. मधमाश्या एवढ्या की बोलताना आवाज चढवावा लागे.

आणि खालची अर्धी बाग नुसती हिरवी. काळ्या मातीनं पाणी धरून ठेवलं होतं, ताण तुटला होता. कोवळी लुसलुशीत पानं, शोधून एखादं फूल. आजोबांची सरळ वळ पूर्ण खालच्या अंगाला होती. तुझं झाड तिच्या टोकाला.

मी तिथूनच तुम्हाला फोन लावला. आधी फुलं दाखवली. मग फोन खाली वळवला, कारण अर्धंच दाखवणं मला जमलं नसतं.

धाकटा म्हणाला, "म्हणजे आता अर्धं जग संपणार?"

तू विचारलंस, "कुठलं अर्धं, आजी?"



धाकट्या आजोबांनी मेपर्यंत वाट बघितली. वरची अर्धी बाग ठेवायची आणि खालची काढायची, असं त्यांनी ठरवलं. खालची झाडं थकलेली होती, खोडांतून डिंक गळत होता, आणि दर थंडीला आभाळ येणार असेल तर काळ्या मातीत बहार धरण्यात अर्थ नाही, असा त्यांचा हिशोब. चूक नव्हता. मी जाऊ नये असं तुमच्या बाबांचं म्हणणं होतं. मी गेले.

झाड किती सहज निघतं, याचं मला वाईट वाटलं. यंत्राचा हात पुढे येतो, खोडाला टेकतो, एक आवाज होतो, मग मुळांचा ओला वास. धाकटे आजोबा यंत्राकडे पाठ करून बांधावर बसले होते, जणू कोणाची तरी वाट बघत आहेत. दादाची वळ सुरू झाली तेव्हा ते उठून तंबाखू आणायला घरात गेले. तंबाखू खिशात होता.

यंत्र विहिरीपाशी पोचलं, तेव्हा ते धावत बाहेर आले. धोतराचा सोगा हातात. "ते ठेव! ते ठेव!"

चालवणारा केबिनमधून वाकला. "काका, हे बराबर मधी येतंय की."

"येऊ दे मधी."

"पुढं नांगरट करताना दरसाल वळसा घालावा लागंल. एका झाडापायी?"

"हौ, वळसा घालीन. ते पोरीचं हाये. तोडायचं तर कॅनडाला विचारावं लागंल, तिकडं आत्ता रात्र हाये."

चालवणाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, जणू हा सरकारी नियमच आहे. त्यानं यंत्र मागे घेतलं. संध्याकाळी काळ्या मोकळ्या रानात तुझं एकटं झाड उभं होतं, हिरवं, थोडं ओशाळल्यासारखं.

जाऊबाई म्हणाल्या, "चांगलं दिसतंय का ते? पंगतीतून सगळे उठून गेल्यावर एकटाच जेवत बसल्यासारखं."

धाकटे आजोबा म्हणाले, "जेवू दे. सावकाश जेवणारा हाये."

पावसाळ्यात त्यांनी भोवती सोयाबीन पेरलं आणि नांगराला, पाभरीला, सगळ्याला त्या झाडाभोवती वळसा घातला. तुमच्या आजोबांच्या सरळ रेषेची आवड त्यांना कधी नव्हतीच. आणि जुलैमध्ये मला फोन आला. "वैनी, पोरीचं झाड फुललं."

"आत्ता?"

"आत्ताच. तिनं थंडीत पाणी पाजलं, त्याचा तो बहार हुकला. आता आपलं आपलं फुलून राह्यलं, कोणाला न इचारता. त्याचं घड्याळ आता कॅनडाचं हाये."

हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते सांगण्याआधी, तुझं राहिलेलं उत्तर.

जग संपत आलंय का? मला वाटतं, नाही. पण ही आवई नाही. लोणच्याची बरणी परत मागायला मी तुझ्या दारात येणार नाही आणि सकाळी हसून सांगणार नाही की काही झालं नाही. झालं आहे. मी खालची बाग जाताना बघितली. त्याच्याही आधी, तुमचे बाबा तिकडे गेले त्या सुमाराच्या दुष्काळात, वाटूरकडच्या रस्त्यानं जाताना उभ्या वाळलेल्या बागा बघितल्या. टँकरनं पाणी आणून घातलं लोकांनी, तरी गेल्या. एक पान नव्हतं. त्या झाडांनाही वाटलं होतं की आपण मरतो आहोत, आणि त्यांचं खरं होतं. त्यातल्या एकालाही फूल आलं नाही.

म्हणून तू गाडीत जे म्हणालीस, ते मी तुला सांत्वन म्हणून परत देणार नाही. ताणातून फूल येतं, कारण पाणी तोडणारा माणूस रोज झाडाकडे बघत असतो. पान किती पिवळं झालं ते त्याला कळतं आणि नळावर त्याचा हात असतो. सगळ्या जगाला जो ताण पडतो आहे तो बहार यावा म्हणून कोणी दिलेला नाही. त्यात वेळेवर पाणी सोडायला कोणी उभं आहे का, हे मला माहीत नाही. काही हात नळाकडे जाताना दिसतात, काही दुसरीकडेच बघतात. आणि कुठलं अर्धं, हे तर आधी ठरलेलंच असतं. जे काळ्या मातीत उभे असतात ते. तू हे विचारलंस तेव्हा तू धाकट्यासारखी घाबरली नव्हतीस, त्या खालच्या अर्ध्याची काळजी करत होतीस. ते माझ्या लक्षात आलं होतं. मला तुझा अभिमान वाटला आणि तुझी दयाही आली, कारण अशा माणसाला झोप कमी लागते.

बागेवर जग ठेवू नकोस, बाळा. ना वरच्या, ना खालच्या. बागेला तेवढं ओझं झेपत नाही आणि तुलाही नाही. बाग फुलली तेव्हा ती बागच फुलली, गेली तेव्हा बागच गेली. मात्र एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली आहे, आणि इतकी वर्षं मुलांना निबंध शिकवूनही तिचं तात्पर्य मला काढता येत नाही. तू चुकीच्या वेळी, चुकीच्या झाडाला, बादलीभर पाणी घातलंस. शेतीच्या कुठल्याही नियमानं ती चूकच. आणि त्यामुळे एक माणूस यंत्रापुढे धावला.

आता पुन्हा डिसेंबर आहे. गेल्या आठवड्यात धाकटे आजोबा म्हणाले, "वैनी, वरच्या बागेचं पाणी तोडलं." आभाळ अजून स्वच्छ आहे. पुढचं माहीत नाही. पण तुझ्या झाडावर जुलैच्या फुलांची फळं आहेत, मुठीएवढी, हिरवी. फळ अंगावर असताना झाडाला ताण देता येत नाही, त्याला पाणी हवं. आणि सगळ्या बागेचा नळ एकच. म्हणून त्यांनी त्या एका झाडासाठी विहिरीपासून वेगळी नळी टाकली आणि तिला वेगळा कॉक बसवला. जाऊबाई सांगत होत्या, "सकाळी उठले की चहाच्या आधी तो कॉक सोडायला जातेत. मला कधी तांब्याभर पाणी दिलं न्हाई या माणसानं."

मागून आवाज आला, "तुला फळं लागतेत का?"

"चार पोरं काय झाडाला लागली होती?"

फळं फेब्रुवारीत उतरतील. कॅनडाला पोस्टानं जातात का, असं ते विचारत होते. मी सांगितलं, जात नाहीत, विमानतळावरसुद्धा काढून घेतात. ते म्हणाले, "मंग पोरीलाच म्हणा, ये. झाड काही तिकडं येत न्हाई." तुझे बाबा म्हणतात, फेब्रुवारीत शाळा असते, सुट्टी मार्चात. तेही मी विचारून घेतलं आहे. थोडी फळं मार्चपर्यंत झाडावर राखता येतात; सालं जाड होतात, गोडी वाढते.

मार्चात स्वेटर लागेल की नाही, हे मी आता छातीठोक सांगू शकत नाही. दोघांचे दोन स्वेटर खालच्या कप्प्यात काढून ठेवले आहेत, सुती कपडेही. मोसंबी मात्र असतील.